डब्लिनहून यायला किती तास

आमच्या घरात जीन्सच्या पँटी असायच्या, पण अंगात घालायच्या नव्हेत. गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. उल्हासनगरच्या कॅम्प पाचात, आम्ही त्याला पाच नंबर म्हणतो, तेव्हा घरोघरी हेच काम चालायचं. कारखान्यात शिवून झालेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, गठ्ठा बांधून परत द्यायचा. आई सकाळी भाकऱ्या टाकून बसायची ती दिवेलागणीला उठायची. कापडाचा निळा रंग तिच्या बोटांना लागायचा तो साबणाने जात नसे. कुणाच्या लग्नाला जायचं असलं की ती लिंबाची फोड चोळायची. तरी नखांच्या कडेला निळी रेघ राहायचीच. मग ती मांडवात हात पदराखाली धरून बसायची.

पप्पा शहाडजवळच्या एका कंपनीत होते. मी सातवीत असताना ती बंद पडली. उघडेल, उघडेल म्हणत ते पुढचे काही महिने रोज डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे. डबा तिथे खायचे आणि घरी यायचे. आई डबा भरून द्यायची. मग एका सकाळी तेच म्हणाले, "आजपासून डबा नको." पुढे बदलापूरला बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या, तिथे ते वॉचमन झाले. ज्या घरांना अजून दारं बसली नव्हती त्या घरांची राखण करायचे.

कंपनी बंद पडली त्याच वर्षी आजी गेली, आईची आई. आईचं माहेर परभणीच्या पुढे. गाडीने परभणी, तिथून एसटी, आणि शेवटी पायी. निरोप कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या फोनवर आला. आई गावात पोचली ती तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं उरकलं होतं. "मायच्या मातीला मी पोचले नाही," हे ती नंतर कितीतरी वेळा म्हणाली. रडून नाही म्हणायची. धागे कापता कापता, आज कोणता वार आहे ते सांगावं तशी म्हणायची.

तेव्हापासून आईने घरात एक कायदाच करून टाकला. लेकी जातील तिथून त्यांना एका दिवसात, म्हणजे सकाळी निघून रात्रीपर्यंत, घरी येता आलं पाहिजे. मला चंद्रपूरचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, माणसं समजूतदार. आईने एवढंच विचारलं, "किती लांब?" मध्यस्थ म्हणाले, "आता बघा, गाडीला अठरा-वीस तास, पण झोपून जायचं." आईने चहा दिला आणि विषय बंद केला.

आमच्याकडे अंतर विचारलं तर कुणी किलोमीटर सांगतच नाही. बदलापूर किती लांब, तर पंधरा मिनिटं. दादर किती लांब, तर सव्वा तास. पुणं तीन तास. रेल्वेच्या कडेला राहणाऱ्या माणसांना लांबी अशीच कळते. आणि गाडीची वेळ कळली की लांबी काढता येते: पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करायची. यात चुकायला काही जागाच नाही, असं आम्ही समजत होतो.

मी बी.कॉम. झाले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या घरात, आईकडे आणि पप्पांकडे, दोन्हीकडे मिळून, कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. भाड्याचा काळा गाऊन घालून काढलेला फोटो पप्पांनी फ्रेम करून भिंतीला लावला. पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी तो फोटो दाखवायचे. मला त्याची लाज नाही वाटायची. का वाटावी?

पदवीनंतर मला उल्हासनगरमध्येच एका ट्रॅव्हल एजंटकडे नोकरी लागली. मालक सिंधी, साठीला टेकलेले. सिंधी लोक मोठ्या माणसाला मानाने दादा म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना दादाच म्हणायचो. गिऱ्हाईक बरंचसं सिंधीच. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाचा जावई हाँगकाँगला, कुणाचा भाऊ आफ्रिकेत कापडाच्या दुकानात. प्रवासाला निघणाऱ्या पुष्कळदा म्हाताऱ्या बायका. नातवंडं बघायला निघालेल्या, पिशवीत कोकी नावाची जाड कांद्याची पोळी आणि पापड. त्यांचा एकच प्रश्न असायचा: कितना टाइम लगेगा?

दादांचं उत्तर तासांत कधीच नसायचं. ते जेवणांत सांगायचे. "दुबई? एक खाना. बस." "हाँगकाँग? एक खाना, एक नाश्ता." "लंडन? दो बार खाना, बीच में एक नींद." बायकांचं समाधान व्हायचं. एकदा एक आजी म्हणाली, "दादा, नींद नहीं आयी तो?" दादा म्हणाले, "तो लंडन थोड़ा दूर पड़ेगा, अम्मा."

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. समोर विमानांच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक उघडं होतं. बोट ठेवून म्हणाले, "बेटा, ये जो पहुँचने का टाइम लिखा है ना, ये वहाँ की घड़ी का है. उसमें से यहाँ का टाइम घटाना मत. घटाया कि गिऱ्हाईक गया." मी वहीत लिहून ठेवलं नाही, डोक्यात ठेवलं.

माझी धाकटी बहीण नर्सिंगला गेली होती. कोर्स झाला आणि ती बदलापूरच्या एका नर्सिंग होममध्ये लागली. काम ढोराचं. एकाच शिफ्टमध्ये ड्रेसिंगही तिनेच करायचं, बिलंही तिनेच द्यायची आणि डॉक्टरांच्या मुलाला शाळेच्या रिक्षातून उतरवूनही तिनेच घ्यायचं. घरी आली की पाय वर करून आईच्या शेजारी बसायची आणि दुसरी कात्री उचलायची. त्या वर्षी आयर्लंडच्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या. तिच्या बॅचच्या मुली मुलाखती देत होत्या, हिनेही दिली. निवड झाली. डब्लिन नावाच्या गावातलं सरकारी हॉस्पिटल. ते गाव नकाशात कुठे आहे हे घरात मला एकटीला ठाऊक होतं, तेही दादांच्या पुस्तकामुळे.

निवड झाल्याचं तिने आधी मला सांगितलं, आईला नाही. आई काय विचारणार हे दोघींना माहीत होतं.

पप्पांनी आईजवळ विषय काढला. आईने कात्री खाली ठेवली नाही. "देशाबाहेर?" म्हणाली. "एका दिवसात येता येत नाही तिथं माझी लेक जायची नाही." बहीण त्या रात्री जेवली नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी आमचा मामा आला. मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ, तिच्यापेक्षा लहान, कल्याणला रेल्वेत, राहायला अंबरनाथला. आमच्या नात्यात गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेला माणूस. कुणालाही कुठेही जायचं असलं की आधी मामाला विचारायचं. आईचा त्याच्यावर फार विश्वास. रविवारी आमचं ऑफिस दुपारपर्यंत उघडं असायचं, त्यामुळे तो आला तेव्हा मी घरी नव्हते. पुढचं मला बहिणीने सांगितलं.

तिला निवडीच्या कागदांबरोबर विमानांच्या वेळांचा एक छापील कागद आला होता. मामाने तो मागून घेतला, चष्मा चढवला. मुंबईहून पहाटे अडीचला निघणार. लंडनला विमान बदलणार. डब्लिनला त्याच दिवशी सकाळी साडेदहाला पोचणार. मामाने बोटंसुद्धा मोजली नाहीत.

"आठ तास!" तो ओरडला. "अक्का, आठ तास! अगं हे तर सोलापूर झालं. तुझ्या माहेराला जायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो."

"नीट वाच," आई म्हणाली.

"नीटच वाचलं. जन्म गेला रेल्वेत, मला वेळा वाचायला शिकवतेस? अडीचला सुटली, साडेदहाला लागली. मध्ये गाडी बदलून आठ तास. लेट धरली तर नऊ."

आईने कागद हातात घेऊन पाहिला. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. तिने अडीचचा आकडा शोधला, साडेदहाचा शोधला. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "आठ तासच आहेत की गं." आणि पप्पांना पेढे आणायला पाठवलं.

मी दुपारी गल्लीत शिरले तर शेजारच्या वहिनींनी दारातूनच हाक मारली, "काय गं, तुझी बहीण सोलापूरला चालली म्हणे! तेही विमानानं!" घरात गेले तर आईने माझ्या हातावर पेढा ठेवला. कितीतरी दिवसांनी ती गठ्ठ्याला टेकून नुसती बसली होती. मामा मधोमध. पप्पा हसत होते. कागद पलंगावर उघडा होता. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पेढा तसाच हातात राहिला.

बहिणीने मला मोरीपाशी ओढून नेलं. मनगट घट्ट धरलं होतं.

"ताई, पाया पडते तुझ्या. आज काही बोलू नकोस."

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत! तुझा चेहरा बघून कळलं. किती तास आहेत खरे?"

"साडेतेराच्या आसपास."

"मग साडेतेरा. काय फरक पडतो? मी गेल्यावर सांग तिला."

"तू गेल्यावर पहिल्या फोनलाच कळेल तिला. तू सांगशील सकाळ आहे, इथे संध्याकाळ व्हायला आलेली असेल."

"कळू दे ना. तोवर मी पोचलेली असेन."

ती चूक बोलत नव्हती. हे लिहिताना मला ते कबूलच करायला हवं, की तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. त्या कागदावर तिचं सगळं टांगलेलं होतं. नर्सिंग होम, डॉक्टरांचा मुलगा, दुसरी कात्री, सगळ्यातून सुटण्याची ती एकच वाट होती, आणि आईचा होकार आत्ता हातात होता.

पण आईला आयुष्यभर कागद दुसऱ्यानेच वाचून दाखवला. रेशनचा, शाळेचा, कंपनीने पप्पांच्या हातात ठेवला तोही. प्रत्येकाने आपल्या सोयीचं तेवढंच वाचलं. मी पंधरा वर्षं शिकले ती तिला अर्धा कागद वाचून दाखवायला नाही. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बाहेर आले आणि म्हटलं, "मामा, ते आठ तास नाहीत."

मामा हसला. "बरं. मग किती? सात?"

"साडेतेरा. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. साडेदहा वाजलेत ते तिथे. आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार झालेले असतात."

"घड्याळं मागं कशाला ठेवतात?" शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "त्यांना किल्ली मिळत नाही का?"

सगळे हसले. मामा हसला नाही. "मुंबईहून हावड्याला जातो माणूस," तो म्हणाला, "सूर्य तिकडे आधी उगवतो, मला माहीत आहे. पण स्टेशनातलं घड्याळ तेच असतं. अख्ख्या देशात एकच."

"देशात, मामा. हा दुसरा देश आहे."

त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. गाड्यांच्या बाबतीत त्याला कुणी कधी दुरुस्त केलं नव्हतं, आणि केलं ते भाचीने, सगळ्यांसमोर.

आईने पलंगावरचा कागद उचलला. ती म्हणाली, "जायचं राहू दे. यायला किती?"

छापील कागदावर परतीचं काही नव्हतं. ते तिकीट एका बाजूचंच होतं. पण त्या मार्गाच्या वेळा मला आठवत होत्या. "सकाळी सातला तिथून निघाली," मी म्हटलं, "तर दुसऱ्या दिवशी रात्री एकला मुंबईत."

"अठरा!" मामाला परत आवाज फुटला. "जाताना आठ आणि येताना अठरा! हे कसलं विमान गं? जाताना मेल, येताना पॅसेंजर? सगळ्या ढगांवर थांबत येतंय काय?"

"तसं नाही मामा, येताना उलट..."

"पुरे," आई म्हणाली. तिने पेढ्यांच्या पुड्याला परत दोरा बांधला. वहिनी न सांगताच घरी गेल्या.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. बहीण माझ्याशी तर मुळीच नाही. ड्यूटीवर जाताना ती चप्पल घालायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. मीही समजवायला गेले नाही. काय समजवणार? होकार मीच घालवला होता. पप्पा मात्र एकदा हळूच म्हणाले, "तू केलंस ते बरोबर केलंस. पण आता काहीतरी कर."

तिसऱ्या दिवशी सकाळी आई लुगडं बदलून, लिंबू चोळून तयार. "तुझ्या हापिसात येते," म्हणाली. "मला ते घड्याळ दाखव."

ती त्याआधी माझ्या ऑफिसात कधी आली नव्हती. दादा उठून उभे राहिले, त्यांनी तिला आपल्या समोरच्या गादीच्या खुर्चीत बसवलं, पाणी मागवलं. मी सगळा प्रकार सांगितला. दादा मोठ्याने हसले नाहीत याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. पुस्तक उघडून ते आईला काहीतरी दाखवायला लागले, मग बंद केलं.

"बहेनजी," ते म्हणाले, "किताब झूठ बोल सकती है. मैं आपको बात ही करा देता हूँ."

त्यांची बहीण लंडनला राहायची. लग्न होऊन याच कॅम्पातून गेलेली, वीसेक वर्षं झालेली. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे साडेबारा वाजले होते. दादांनी नंबर फिरवला, सिंधीत दोन वाक्यं बोलले आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला. "पूछो, कितने बजे."

आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "हॅलो," म्हणाली. "बाई, तुमच्याकडे किती वाजले?"

पलीकडचा आवाज मला खुर्चीपाशी ऐकू येत होता. आईने मराठीत विचारलं म्हणून ती बाईही मराठीतच बोलली, मोडकं, पण आपलं बाजारातलं मराठी. "सात वाजले मावशी, सकाळचे! माझी चहा पण नाय झाली अजून. बाहेर अंधार हाय पुरा."

आईने घड्याळाकडे पाहिलं, मग दारातून बाहेर पाहिलं. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, समोरचा पापडवाला सावलीला सरकला होता. दादांनी मला खूण केली, बोलू दे.

"तुम्ही माहेरी येता का कधी?" आईने विचारलं.

"येते ना."

"घाईत आला होता का कधी? काही झालं म्हणून?"

पलीकडून उत्तर आलं. "वडील सिरियस होते, तेव्हा आले."

"किती तासांत?"

"विमानात नऊ तास. जाताना जास्त लागते, येताना कमी. येताना हवा मागून असते ना, म्हणून विमान लवकर येते. पण मावशी, खरं सांगू? नऊ तासांत कोण घरी नाय पोचत. तिकीट पायजे, सुट्टी पायजे, एअरपोर्ट लांब. दोन दिवस धरा. कोणी एक दिवस बोलला तर खोटा बोलते."

"दोन दिवस," आई म्हणाली.

"हां. पण मी पोचले होते. वडलांनी ओळखलं मला."

आईने रिसीव्हर दादांना परत दिला. मी जायचे साडेतेरा आणि यायचे खरे साडेबारा असा हिशेब घेऊन बसले होते आणि त्या बाईने एका वाक्यात तो मोडून टाकला होता. खरंच सांगत होती ती. मला खोटं नको होतं ना, मग हे घ्या खरं. बहिणीचं जाणं आता गेलं, असं मी धरून चालले.

दादांनी आईला विचारलं, "बहेनजी, क्या सोचा?"

"मुलीच्या बापाशी बोलून सांगते," आई म्हणाली, आणि उठली.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन तिला घरी सोडायला निघाले. शेअर रिक्षा भरायची वाट बघत आम्ही दोघी मागे बसून होतो. रिक्षावाला "पाच नंबर, पाच नंबर" ओरडत होता. आई तिच्या हातांकडे बघत होती.

"माय गेली तेव्हा मला तीन दिवस लागले," ती म्हणाली.

"हो."

"गाडीला रात्रभरच लागते. सकाळी परभणी. दुपारी गावात. म्हणजे एकच दिवस."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी गणितवाली, आणि हे गणित मी कधी मांडलं नव्हतं. "मग तीन कसे?"

"निरोप आला तेव्हा तुझे पप्पा घरी बसलेले. भाड्याला पैसे नव्हते. शेजारी मागितले, मामाकडं गेले, मामाचा पगार व्हायचा होता. गठ्ठ्यावाल्याकडं मागितले तर तो म्हणाला, आधी माल दे. मग माल पुरा केला. दोन दिवस धागे कापले, मग गाडीत बसले." तिने हात पदराखाली घेतले. "आणि मी म्हणत राहिले, माहेर लांब, माहेर लांब."

रिक्षा भरली आणि सुटली. पाच नंबरला उतरताना ती म्हणाली, "तिच्या पर्समध्ये भाडं असेल. तिला कुणाकडं मागायला लागणार नाही."

घरी बहीण नाइट करून झोपली होती. आईने तिला उठवलं नाही. गठ्ठा सोडला, कात्री घेतली आणि कामाला बसली. बहीण उठून चहा टाकायला गेली तेव्हा आई मान न वळवता म्हणाली, "पासपोर्ट कुठं ठेवलास?"

"पलंगाखाली, पिशवीत."

"तिथं उंदीर आहेत. पत्र्याच्या डब्यात ठेव. कुरतडला तर जाशील कशी?"

बहीण हातात साखरेचा चमचा घेऊन उभीच राहिली. मग माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

जानेवारीत ती गेली. निघायच्या दिवशी अंबरनाथहून मामा आला. त्याने एका भाच्याकडून सगळं नीट समजून घेतलं होतं आणि आता भेटेल त्याला सांगत होता, "साडेतेरा तास. लोकांना वाटतं आठ, पण त्यात घड्याळाचा फरक धरायचा असतो." वहिनींनी विचारलं, "भावजी, मग सोलापूर नाही?" मामा म्हणाला, "कोण म्हणालं सोलापूर?" मी तोंड दाबून हसले. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि आमचं मिटलं.

सुमो संध्याकाळी आली. आईने बहिणीला दशम्या बांधून दिल्या, शेंगदाण्याची चटणी दिली, मग सुमोच्या दारात उभं राहून परत विचारलं, "जेवण देतात ना विमानात?" मी म्हटलं, "दोनदा देतात. मध्ये झोपायचं." बहीण रडत होती आणि हसत होती. पप्पांनी वॉचमनचा युनिफॉर्म घातला होता. त्यांची ड्यूटी होती, पण मला वाटतं त्यांना तो घालूनच निरोप द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी आई किराणा दुकानापाशी जाऊन बसली. फोन आला.

"आई, पोचले. इथे सकाळचे अकरा वाजलेत."

"मग इथं साडेचार," आई लगेच म्हणाली. "दशम्या खाल्ल्यास का?"

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण त्यात सांगण्यासारखं नाट्य नाही, नुसते कष्ट आहेत. पहिले काही महिने, तिथली नोंदणी मिळेपर्यंत, तिला तिथल्या सिस्टरांच्या देखरेखीखाली काम करावं लागलं. त्यांचं इंग्लिश तिला कळायचं नाही आणि हिचं त्यांना. थंडीने हात फुटायचे. फोनवर ती आईला "मस्त आहे" म्हणायची आणि मला खरं सांगायची. दोनदा "परत येऊ का?" म्हणाली. मी दोन्ही वेळा म्हटलं, "ये, तिकीट काढते," आणि दोन्ही वेळा ती नको म्हणाली. मग पप्पांच्या हर्नियाचं ऑपरेशन अचानक करावं लागलं, तेव्हा ती आली. निरोप मिळाल्यापासून घरात पाय ठेवेपर्यंत तिला दोन दिवस लागले. लंडनच्या बाईंचा हिशेब बरोबर निघाला. पप्पांना शुद्ध येऊन चांगलं बोलता येत होतं. त्यांनी तिला विचारलं, "कशाला आलीस एवढ्यासाठी?" आणि वॉर्डातल्या शेजारच्या पेशंटला म्हणाले, "माझी मुलगी. आयर्लंडहून आली."

सुट्टी संपल्यावर ती परत गेली. आई तेव्हा सुमोपर्यंत आली, रडली नाही, गाडी सुटल्यावर घरात जाऊन तिने कुकर लावला.

त्याच वर्षी माझ्या बहिणीला तिथल्या नर्सिंग बोर्डाची नोंदणी मिळाली आणि त्या हॉस्पिटलात तिची नोकरी कायम झाली.